शिशाच्या अडतीस विटा

आमच्या शेडच्या उत्तरेकडच्या भिंतीवर एक लांब फळी आहे. वँचीस गावातल्या या यार्डात बांधलेल्या प्रत्येक बोटीची त्या फळीवर एक ओळ असते: बोटीचं नाव, चाचणीची तारीख, वेग आणि शेवटी तळाखालचे, बोट ढकलणारे पंखे घडवणाऱ्याचं नाव. ओळी मी लिहितो. मुकादम म्हणून ते काम माझ्याकडे आहे. बत्तिसाव्या बोटीच्या मात्र तिथे दोन ओळी आहेत, आणि त्यातल्या पहिलीच्या शेवटी माझं नाव आहे. मी आयुष्यात कधी पंखा घडवलेला नाही.

त्या बोटीचं नाव ‘लिडिया जेन’. चौसष्ट फूट, दोन इंजिनं. सकाळी साठ मैल बाहेर जायचं, दिवसभर मार्लिन मासे धरायचे आणि अंधार पडायच्या आत घरी यायचं, यासाठी बांधलेली. मालक रिचमंडचे डॉक्टर प्रेंटिस. हाडांचे डॉक्टर. यार्ड माझ्या मेव्हण्याचं, बर्जेस गॅलपचं. बर्जेस नकाशे काढत नाही. तळाची फळी वाकवताना तो दहा पावलं मागे जातो, एक डोळा मिटतो आणि म्हणतो, “अजून जरा.” त्या डोळ्यावर एकतीस बोटी झाल्या होत्या, आणि मालकाला सांगितलेला वेग एकीनेही चुकवला नव्हता. डॉक्टरांना त्याने चाळीस नॉट सांगितले होते.

पंखे झीनस ट्विफर्ड यांचे. वय एकाहत्तर. खाडीपलीकडे त्यांची पत्र्याची शेड होती आणि सगळं गाव त्यांना काका म्हणायचं. पात्याला पीळ किती द्यायचा हे सगळं कौशल्य. जास्त झाला तर इंजिन दमतं, कमी झाला तर नुसतं गरगरतं आणि बोट मागे राहते. काका पात्यावर हातोडी मारून कान लावत. मनासारखा आवाज आला की पंख्याच्या मधल्या गाठीवर ‘झेड टी’ अशी दोन अक्षरं ठोकत. एकतीस बोटींखाली ती दोन अक्षरं होती.

पहिली चाचणी मार्चच्या दुसऱ्या गुरुवारी झाली. ईशान्येचा वारा होता. आम्ही रोअनोक साउंड या खाडीतल्या दोन खुणेच्या खांबांमध्ये एकदा वाऱ्याच्या तोंडावर गेलो आणि एकदा वारा पाठीवर घेऊन आलो. सरासरी काढायची ती या दोन्हींची, एका बाजूचा आकडा आम्ही धरत नाही. वरच्या मजल्यावर सुकाणूशी बर्जेस, शेजारी डॉक्टर, इंजिन कंपनीचा माणूस, काका आणि वही घेऊन मी.

“किती?” बर्जेसने विचारलं.

“जाताना सदतीस पूर्णांक दोन, येताना अडतीस पूर्णांक सहा. सरासरी सदतीस पूर्णांक नऊ.”

“आणि इंजिनाचे फेरे मिनिटाला बावीसशे पंचावन्न,” इंजिन कंपनीचा माणूस म्हणाला. “मला तेवीसशे तीस लागतात. यावर मी सही करू शकत नाही.”

बर्जेस मागे न बघता म्हणाला, “पीळ जास्त झालाय, काका.”

“पीळ बरोबर आहे. तुझी पोरगी नाक खाली घालून चाललीय. धक्क्याला उभी होती तेव्हाच पुढे पाणरेषेचा पट्टा पाण्यात होता. बघितलास का?”

“टाक्या भरल्यात.”

“टाक्या मागे आहेत. वजन पुढे आहे.”

“म्हणजे माझा तळ चुकलाय?”

“तळाचं मी काही बोललो? वजन पुढे आहे म्हणालो.”

त्या क्षणी मला आठवलं. आठवायला दहा सेकंदही लागले नाहीत, हे मी मुद्दाम नोंदवतो.

बोट पहिल्यांदा पाण्यात सोडतात तेव्हा पुढची खोली रिकामी असते. पलंग नाही, कपाटं नाहीत, नांगराची साखळी नाही. नाळ, म्हणजे बोटीचं नाक, हलकी म्हणून वर राहते. पण पाण्याच्या रेषेचा रंगीत पट्टा तेव्हाच आखून घ्यावा लागतो. म्हणून पुढे जे सामान यायचं त्याच्या वजनाचं शिसं तळाशी ठेवतात, पट्टा आखतात आणि सामान आलं की शिसं काढतात. मी पन्नास पौंडांच्या अडतीस विटा ठेवल्या होत्या. पलंग बसवायला सुतार आले त्या सकाळी माझ्या यादीत ‘शिसं काढणे’ होतं. दिवसभरात व्हायच्या कामांवर सकाळीच खूण करून टाकायची माझी सवय होती. मी खूण केली. सुतार थांबले होते, त्यांना म्हटलं घ्या सुरू करून, जेवणानंतर झाकण उघडून काढतो. जेवणानंतर रंगवाल्यांशी भांडण झालं आणि ते राहिलं ते राहिलंच. पलंगाखाली एकोणीसशे पौंड शिसं होतं आणि वहीत त्याच्यासमोर खूण होती.

मी तिथे बोलू शकलो असतो. अजून काही बिघडलं नव्हतं. मी मनात म्हटलं, धक्क्याला लागल्यावर बर्जेसला बाजूला घेऊन सांगू.

धक्क्यावर अकराजण उभे होते. आकडा त्यांना बर्जेसच्या चेहऱ्यावरून कळला. दोर बांधायच्या आधीच तो खाली उतरला.

“एकतीस बोटी, काका. एकतीस. आणि आज डॉक्टरसाहेबांसमोर माझी ही शोभा.”

“पंखे ठीक आहेत, बर्जेस.”

“तुमचा कान ठीक नाही! मला दोन वर्षं कळतंय. मी बोललो नाही, कारण तुम्ही माझ्या बापाबरोबर काम केलंत.”

मर्ल नावाचा एक सुतार आहे आमच्याकडे, त्याला गप्प बसवत नाही. तो मागून म्हणाला, “काकांची हातोडी काढून घ्या आणि कानयंत्र द्या.” दोघंतिघं हसले. डॉक्टर पाण्याकडे बघू लागले.

काका हसले नाहीत, चिडलेही नाहीत. ते माझ्याकडे वळले, कारण वजनांची वही माझ्याकडे असते.

“रॉन्डल, पुढे काही ठेवलंयस का?”

“नाही.”

“बघ आठवून.”

मी वही उघडली, ते पान काढलं आणि खूण त्यांच्यापुढे धरली. त्यांनी चष्मा लावून ती बघितली, मान डोलावली आणि चष्मा परत खिशात ठेवला.

“मग माझंच चुकलं असेल,” ते म्हणाले.

ते चालत पुलावरून पलीकडे गेले. त्यांची गाडी आमच्याच दारात राहिली होती, ती दुसऱ्या दिवशी त्यांचा जावई घेऊन गेला.

शुक्रवारी बोट बाहेर काढली. पंखे उतरवून नॉरफोकच्या एका दुकानात पाठवले, पीळ एक इंच कमी करायला. ते दुकान स्वतःचा ठसा मारतं, त्यासाठी आधीचा घासून काढतं. पंखे ट्रकवर चढवायला मीच हात लावला.

रविवारी सकाळी मी बायकोला सांगितलं की पाठ धरली आहे, प्रार्थनेला येत नाही. ती एकटी गेली. पावणेदहाला मी यार्डात होतो. त्या वेळी वँचीसमध्ये रस्त्यावर कुत्रंसुद्धा नसतं. मी गादी उचलली, पलंगाखालची फळी काढली, झाकण उघडलं. विटा ठेवल्या तशाच होत्या, माझ्याच हातच्या चार रांगा. एकेक वीट उचलून खोलीतून बाहेर, मागच्या डेकवरून परांचीच्या जिन्याने खाली आणि भंगाराच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली. अडतीस खेपा. पाळकबुवा लांबण लावणारे होते म्हणून वेळ पुरला. तिसाव्या विटेला पाठ खरोखरच धरली. उरलेल्या आठ मी वाकलेल्या पाठीनेच काढल्या. घरी येऊन पडलो, आणि सकाळी सांगितलेलं खोटं दुपारपर्यंत खरं झालं होतं.

चार वाजता काका आले. प्रार्थनेनंतर माझ्या बायकोने त्यांना सांगितलं होतं. एका हातात कोलार्डची भाजी आणि मक्याचा पाव बांधलेला रुमाल, दुसऱ्या हातात तपकिरी बाटली.

“हे घरचं तेल. माझ्या आईच्या हातचं प्रमाण आहे. रात्री चोळ, वर गरम फडकं ठेव. वास घाण आहे, बायको बाहेर झोपेल, पण गुण येतो.”

“कशाला त्रास घेतलात, काका?”

“त्रास कसला. मी आता मोकळाच असतो.”

हे ते टोमणा म्हणून बोलले नाहीत. मी हात पुढे केला. त्यांनी बाटली माझ्या तळहातावर ठेवली, क्षणभर हात बघितला आणि “उठू नकोस” म्हणून निघून गेले.

पुढच्या गुरुवारी दुसरी चाचणी. नाळ वर होती, बोट सुटली ती हलकी, सरळ. इंजिनं चोवीसशेवर जाऊन अडली, तिथे ती स्वतःच स्वतःला आवरतात. कंपनीच्या माणसाने सही केली. सरासरी एकोणचाळीस पूर्णांक एक.

“मला चालेल,” डॉक्टर म्हणाले. “एक नॉटने मासा पळून जात नाही.” मग माझ्याकडे बघून म्हणाले, “तुम्ही तिरके उभे आहात. काय उचललंत?”

“काही नाही.”

“ही पाठ काही नाही म्हणत नाहीये.”

बर्जेस ऐकत नव्हता. तो आकड्याशी एकटा होता. इंजिनं मोकळी फिरत होती, पंखे नवीन माणसाने बघितलेले होते, टाक्या अर्ध्या होत्या. दोष द्यायला आता दुसरं कोणीच उरलं नव्हतं.

शुक्रवारी त्याने बोट पुन्हा बाहेर काढली. जेवणाच्या सुट्टीत मी गेलो तेव्हा तो तिच्याखाली पाठीवर पडला होता आणि तळहात तळावरून फिरवत होता. पाणी बाजूला उडवायला तळाला लांब पट्ट्या असतात. या वेळी त्याने त्या नेहमीपेक्षा दीड फूट पुढे नेल्या होत्या.

“या पट्ट्यांनी घात केला,” तो म्हणाला. “मागे उभा राहून बघितलं तेव्हा बरोबर दिसल्या होत्या रे. सोमवारी कापून टाकतो.”

“थांब जरा. घाई कशाला?”

“तू नको समजूत घालूस. काकांना त्या दिवशी बोललो, पण कान त्यांचा गेला तसा डोळा माझा गेलाय. म्हातारा बरोबर सांगत होता, नाळ जड आहे. मी जड बांधली.” तो उठला, कपडे झटकले. “पोराला सांगीन म्हणतो, नकाशेवाला बघ. डोळ्यावर बोटी बांधायचे दिवस माझ्यापुरते संपले.”

एका न उचललेल्या ढिगाने दोन माणसांचं काम त्यांच्या हातून काढून घेतलं होतं, आणि सोमवारी एका चांगल्या बोटीचा तळ कापला जाणार होता. मी जेवलो नाही. पुलावरून पलीकडे गेलो.

काका एका कोळंबीच्या होडीचा वाकलेला पंखा सरळ करत होते. मला बघून त्यांनी हातोडी खाली ठेवली नाही.

“काका, शिसं पुढेच होतं. अडतीस विटा. मी रविवारी काढल्या.”

“माहीत आहे.”

त्यांनी पंखा वळवून वाकलेलं पातं वर घेतलं.

“शिसं हाताला लागतं, पोरा. साबणाने लगेच जात नाही. बाटली दिली तेव्हा तुझ्या हाताच्या रेषा राखाडी होत्या. आणि काल ती पाण्यात उतरली ती इथून दिसली, पट्टा बोटभर वर.” त्यांनी पात्यावर एक टोला दिला, ऐकलं, पंखा फिरवला. “मला वाटलं सोमवारी येशील. सोमवारी दार उघडं ठेवून बसलो. मंगळवारी पण.”

“तुम्ही का नाही बोललात?”

“मी का बोलू? ते तुझं होतं.”

“मी आज बर्जेसला सांगतो. तो येऊन तुमची माफी मागेल.”

“बर्जेसला कानात सांगणार?”

तोच माझा बेत होता.

“त्याने मला कुठे सांगितलं?” काकांनी विचारलं.

“धक्क्यावर.”

“कोण होतं?”

“सगळे. डॉक्टर पण.”

“मग तिथेच. डॉक्टर उद्या सकाळी निघणार आहेत असं ऐकलं. आठला येतो मी.”

शनिवारी आठ वाजता धक्क्यावर अकराजण होते, कारण मी प्रत्येकाला थांबायला सांगितलं होतं. त्यांना वाटलं मी नोकरी सोडतोय. मर्ल म्हणाला, “भाषण असेल तर आधी कॉफी आणा.” डॉक्टर गाडी चालू ठेवूनच खाली उतरले होते. काका पुलाच्या बाजूला उभे राहिले, जवळ आले नाहीत.

मी काय बोललो ते मला शब्दशः आठवतं, कारण रात्रभर ते छोटं करत होतो. “पहिल्या चाचणीत पलंगाखाली एकोणीसशे पौंड शिसं होतं. मी काढायला विसरलो होतो. वहीतली खूण खोटी होती. काकांनी विचारलं तेव्हा मला आठवलेलं होतं आणि मी नाही म्हणालो. रविवारी तुम्ही सगळे प्रार्थनेला असताना मी ते काढलं. काकांचे पंखे बरोबर होते आणि बर्जेसचा तळ बरोबर आहे.”

डॉक्टरांनी जाऊन गाडी बंद केली. किल्लीचा आवाज ऐकू आला.

“आठवलेलं होतं?” बर्जेसने विचारलं. विसरलो हे त्याने ऐकूनही सोडून दिलं होतं. विसरतं कोणीही.

“हो.”

“मी त्यांना बोलत होतो तेव्हा?”

“त्याच्या आधीपासून.”

तो माझ्याकडे बघत राहिला. मला वाटलं मारेल, आणि मारलं असतं तर मला बरंच वाटलं असतं. तो वळला आणि टोपी काढून पुलाकडे गेला. “काका...” म्हणाला आणि पुढे त्याला जमेना.

“पंखे आण इकडे,” काका म्हणाले. “त्या नॉरफोकवाल्याने काय करून ठेवलंय बघू दे. इंच परत द्यायचा म्हणजे तीन दिवस जातील. आणि पट्ट्यांना हात लावू नकोस. छान आहेत त्या.”

मर्ल तेवढ्यात जवळ येऊन मला म्हणाला, “अडतीस? एकट्याने?” मग खालच्या आवाजात, “आणि कानयंत्राचं मी बोललो. तू मला ते बोलू दिलंस, रॉन्डल.” त्या सकाळी मला लागलेलं सगळ्यात कठीण वाक्य ते होतं.

तिसरी चाचणी बुधवारी झाली. डॉक्टर रिचमंडहून पुन्हा आले. जाताना एकोणचाळीस पूर्णांक नऊ, येताना एक्केचाळीस पूर्णांक तीन. फेरे तेवीसशे चाळीस. मी सरासरी काढली, पुन्हा काढून बघितली आणि वाचली, “चाळीस पूर्णांक सहा.” बर्जेसने काकांच्या खांद्यावर हात ठेवला. काका कठड्याला न धरता उभे होते आणि पायाखालच्या आवाजाकडे कान लावून होते.

संध्याकाळी फळीवर ओळ लिहायला घेतली तेव्हा ते मागे येऊन उभे राहिले.

“पहिला आकडा पण लिही.”

“सदतीस नऊ?”

“तेव्हा पण पळाली होती की ती. नाव ज्याचं त्याचं लिही.”

मी दोन ओळी लिहिल्या.

याला आता अकरा वर्षं झाली. बर्जेसने नोकरीवरून काढलं नाही. माझी बायको त्याची बहीण आहे, ते एक कारण, आणि माझं अक्षर बरं आहे. यार्डात तेव्हापासून रीतच पडली आहे: चाचणीला निघताना धक्क्यावरून कोणीतरी ओरडतं, “रॉन्डल, शिसं काढलंस का?” सगळे हसतात. नवीन मालक विचारतात काय भानगड आहे, मग मर्ल त्यांना रंगवून सांगतो. त्याच्या सांगण्यात आता विटा शंभरावर गेल्या आहेत. मीही हसतो. त्याचा त्रास होत नाही.

काका त्यानंतर पाच वर्षं जगले आणि नऊ बोटींचे पंखे त्यांनी घडवले. शिशाचं ते वाक्य ते कधी म्हणाले नाहीत. कोणी म्हटलं तर हसलेही नाहीत. चाचणीच्या सकाळी मी वही घेऊन जिन्याशी उभा असायचो. वहीत खूण असायची, आणि आता ती काम झाल्यावर केलेली असायची. काका मला ‘काय रे’ म्हणायचे, पाठीचं विचारायचे. मग माझ्या शेजारून पुढच्या खोलीत जायचे. गुडघे दुखायचे त्यांचे, पायऱ्या एकेक करून उतरायचे. खाली गादी उचलल्याचा आवाज यायचा, मग फळी बाजूला केल्याचा, मग झाकणाचा. थोडा वेळ जायचा. झाकण बंद करून ते वर यायचे आणि बर्जेसला म्हणायचे, “चला.”

पुढे काही ठेवलंय का, हे त्यांनी मला पुन्हा कधी विचारलं नाही.